‘राहू दे’ची कळ : अर्धवट आज्ञा रद्द करायला शिकवताना



आजचा पाठ एका छोट्या गोष्टीचा आहे. पायथन शिकताना मूल एखादी आज्ञा अर्धी टाइप करते, मध्येच अडकते आणि पुढे काय करावे ते त्याला कळत नाही. तिथून बाहेर कसे पडायचे, एवढेच आज पाहू. पुस्तकांत या गोष्टीला फार तर दोन ओळी मिळतात. वर्गात मात्र माझे कितीतरी तास इथेच गेले आहेत.

चाकूरच्या आमच्या संगणक खोलीतला प्रसंग सांगतो. आठवीचा वर्ग, एका संगणकावर तिघेजण. ‘माझी शाळा’ या विषयावर चार ओळी साठवायच्या आणि पुन्हा पडद्यावर दाखवायच्या, एवढेच काम होते. मजकूर अनेक ओळींचा असला की पायथनमध्ये तिहेरी अवतरण चिन्हे लागतात, तीन सुरुवातीला आणि तीन शेवटी. खिडकीजवळच्या गटाने सुरुवातीची तीन दिली, शेवटची राहून गेली. एंटर दाबली, संगणक गप्प. पुन्हा दाबली, तरी गप्प. मग गटातल्या एकाने ‘एक्झिट’ टाइप केले, मग ‘हेल्प’, मग ‘स्टॉप’, मग नुसतेच एंटर, एंटर, एंटर. “सर, ह्ये पुढंच जाईना!” मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतो. मी पोचेपर्यंत पोराने टेबलाखाली वाकून सरळ भिंतीवरचे बटणच बंद केले होते.

यंत्राचे काही बिघडले नाही. पण त्या गटात कळफलकासमोर जी मुलगी बसली होती, ती पुढचे दोन आठवडे कळफलकाजवळ आली नाही. “तूच कर, माझ्याकडून बिघडतंय,” असे ती शेजारणीला सांगायची. खरे तर तिने सगळे बरोबर टाइप केले होते. फक्त शेवटची तीन चिन्हे राहिली होती, आणि राहिली तर काय करायचे हे मी शिकवलेच नव्हते. चूक माझी होती, आणि भीती तिला बसली.

आपल्याकडे ही भीती मुलांमध्ये आधीच भरलेली असते. घरी एकच मोबाइल असतो आणि ‘हात लावू नको, बिघडेल’ हे वाक्य रोज कानावर पडते. शाळेत खाडाखोड केली की गुण जातात. लातूर पॅटर्नच्या या जिल्ह्यात तर स्वच्छ उत्तरपत्रिकेचे वळण पाचवीपासूनच लागते. अशा मुलाला संगणकाने उत्तर दिले नाही, की ते पहिला दोष स्वतःला देते.

तर मग तो गप्प बसलेला संगणक नेमके काय करत होता?

पुढे जाण्याआधी एक खुलासा. इंग्रजी आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. चलांची नावे मात्र पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून खरोखर मराठीत देता येतात. ‘गुण’, ‘वय’, ‘बेरीज’ अशी नावे चालतात, मी वर्गात तीच वापरतो. आज्ञेतले आकडे मात्र 1, 2, 3 असेच लिहावे लागतात, १, २, ३ लिहिले तर पायथन चूक दाखवतो.

पायथन सुरू केला की डाव्या कडेला तीन बाण दिसतात:

>>>

याला प्रॉम्प्ट म्हणतात. मुलांना मी सांगतो, याचा अर्थ ‘बोला’. आपण पूर्ण आज्ञा दिली की संगणक ती पाळतो आणि पुन्हा ‘बोला’ म्हणतो. आता हे टाइप करा आणि एंटर दाबा:

>>> गुण = (45 + 38 + 41
...

कंस उघडला, बंद केला नाही. बाणांच्या जागी तीन टिंबे आली. हा दुसरा प्रॉम्प्ट, आणि त्याचा अर्थ ‘पुढे बोला, वाक्य पूर्ण झालेले नाही’. संगणकाने चूक दाखवलेली नाही, तो बंदही पडलेला नाही. तो वाट पाहतोय.

हे समजावायला मराठीचा तास फार उपयोगी पडतो. वर्गात मी अचानक म्हणतो, “जर उद्या पाऊस पडला...” आणि गप्प बसतो. पाच-सहा सेकंद शांतता राहते. मग कोणीतरी हमखास विचारते, “तर?” बस्स, संगणकाची तीन टिंबे म्हणजे हाच ‘तर?’. ‘जर’ ऐकल्यावर ‘तर’ येईपर्यंत आपण वाक्याचा अर्थ लावत नाही. उघडा कंस पाहिल्यावर बंद कंस येईपर्यंत पायथन हिशोब करत नाही. आता तुम्ही त्या ‘तर?’च्या उत्तरादाखल ‘एक्झिट’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला ते त्याच वाक्याचा भाग वाटणार.

खिडकीजवळच्या गटाचे तेच झाले होते. तिहेरी अवतरण चिन्ह उघडे असताना जे जे टाइप कराल ते ते पायथन मजकूर म्हणून उतरवून घेतो. हे नुसते सांगू नका, करून दाखवा. नंतरच्या तासाला मी मुद्दाम तसाच अडकलो, ‘एक्झिट’, ‘हेल्प’, ‘स्टॉप’ सगळे टाइप केले, शेवटी तीन अवतरण चिन्हे देऊन वाक्य पूर्ण केले आणि तो निबंध प्रिंट करायला सांगितला. पडद्यावर ‘माझी शाळा’च्या खाली एक्झिट, हेल्प, स्टॉप असे ओळीने उतरले. मुले खो खो हसली. “म्हणजे त्यो सगळं लिहूनच घ्यायला होता!” असे मागच्या बाकावरून आले. एवढे समजले तर निम्मा पाठ झाला.

आता अडकण्याचे प्रकार. पायथनमध्ये मुले मुख्यतः तीन ठिकाणी अडकतात, आणि तिन्ही ठिकाणची वागणूक वेगळी असते.

पहिले ठिकाण म्हणजे उघडा कंस, मग तो गोल असो, चौकोनी असो की महिरपी. इथे रिकामी एंटर कितीही वेळा दाबा, टिंबे येतच राहतात. दुसरे म्हणजे वर सांगितलेले तिहेरी अवतरण चिन्ह. तिथेही एंटरचा उपयोग नाही, ती फक्त मजकुरात एक रिकामी ओळ घालते. तिसरे ठिकाण म्हणजे ‘इफ’ किंवा ‘फॉर’ची ओळ, जिच्या शेवटी अपूर्णविराम येतो. या ओळीखाली आपण आत सरकवून एक-दोन ओळी लिहितो, आणि इथे मात्र रिकामी एंटर दाबली की वाक्य पूर्ण झाले असे पायथन समजतो व लगेच ते पाळतो. म्हणजे ‘एंटर दाबली की सुटका होते’ हा अनुभव मुलाला इथे येतो, ते तो लक्षात ठेवते आणि कंसापाशी जाऊन फसते. शिवाय इथली सुटका खरी सुटका नाहीच. अर्धवट, चुकीची ओळ तशीच चालवली जाते.

साधे, एकेरी अवतरण चिन्ह उघडे राहिले तर? तिथे पायथन वाट पाहत नाही, एंटर दाबताच चूक दाखवतो आणि पुन्हा तीन बाणांवर येतो. बऱ्याच शिक्षकांचा इथे गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

बाहेर पडायचे दोन रस्ते आहेत. राहिलेला भाग देऊन वाक्य पूर्ण करा, किंवा वाक्यच मोडून टाका. नुसता कंस राहिला असेल आणि बाकी सगळे बरोबर असेल तर कंस द्या, काम झाले. पण आधीच्या ओळीत चूक असेल तर पूर्ण करून काय मिळणार? एंटर दाबून खाली आलेल्या ओळीवर बहुतेक ठिकाणी परत वर जाता येत नाही. तेव्हा म्हणायचे, ‘राहू दे’.

संगणकाला ‘राहू दे’ म्हणायची कळ आहे कंट्रोल आणि सी. कंट्रोल दाबून धरा, सी दाबा, दोन्ही सोडा.

>>> गुण = (45 + 83 + 41
...
किबोर्ड-इंटरप्ट
>>>

पडद्यावर ‘किबोर्ड-इंटरप्ट’ हा लांबलचक इंग्रजी शब्द येतो आणि खाली तीन बाण हजर होतात. या शब्दाने मुले दचकतात, कारण एरवी असा जोडशब्द दिसला की चूक झालेली असते. त्यांना सांगा, ही पोचपावती आहे: ‘कळफलकावरून थांबवले, कळले.’ आमच्या वर्गात या जोडीला आता कोणी कंट्रोल-सी म्हणत नाही, ‘राहू दे’च म्हणतात.

आता इथे तीन खड्डे आहेत, तिन्ही मी वर्गात पाहिलेले.

एक, कंट्रोल-सी म्हणजे ‘कॉपी’ हे मुलांनी आधीच शिकलेले असते. आयडलच्या खिडकीत (पायथनसोबत येणारी ती साधी खिडकी) एखादा मजकूर निवडलेला असेल, म्हणजे निळा झालेला असेल, तर कंट्रोल-सी तो मजकूर कॉपी करते, आज्ञा रद्द करत नाही. विंडोजच्या काळ्या खिडकीतही तसेच. मूल म्हणते, “सर, राहू दे चालंना!” आधी रिकाम्या जागी एकदा क्लिक करून निवड काढायची, मग कळ दाबायची. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये हा घोळ नाही, तिथे कॉपीसाठी शिफ्टही सोबत दाबावी लागते.

दोन, कंट्रोल-झेड. वर्ड आणि पेंटमध्ये चुकले की मुले हीच दाबतात, म्हणून इथेही बोट तिकडेच जाते. विंडोजच्या काळ्या खिडकीत रिकाम्या ओळीवर कंट्रोल-झेड आणि एंटर दिली की पायथनच बंद होतो. लिनक्सवर त्याहून फसवे होते: पायथन बंद न होता मागे जाऊन निपचित बसतो आणि टर्मिनलचा प्रॉम्प्ट दिसू लागतो. मुलाला वाटते बंद झाला, ते नवा पायथन सुरू करते आणि विचारते की माझे ‘गुण’ कुठे गेले. ते मागच्या पायथनमध्ये असतात. नवा बंद करून ‘एफजी’ अशी दोन अक्षरे टर्मिनलमध्ये टाइप केली की जुना परत समोर येतो.

तीन, जुने संगणक. विंडोज ७ वर पायथनची ३.८ पर्यंतचीच आवृत्ती चालते आणि आपल्याकडच्या कितीतरी शाळांत आजही विंडोज ७ आहे. त्या आवृत्तीच्या आयडलमध्ये तीन टिंबे दिसतच नाहीत. अर्धवट आज्ञेनंतर नुसती कोरी ओळ येते. ३.१० पासून आयडलच्या डाव्या पट्टीत टिंबे दिसू लागली. तेव्हा शिक्षकांनी आधी स्वतः आपल्या संगणकावर पाहून घ्यावे, नाहीतर आपण ‘टिंबे बघा’ म्हणत राहतो आणि मुलांना टिंबे सापडत नाहीत. अशा ठिकाणी खूण उलटी सांगायची: बाण दिसत नाहीत म्हणजे वाक्य अर्धे आहे.

आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, रद्द करायला ‘सी’च का? प्रश्न छान आहे आणि उत्तरात गणित आहे. जुन्या टेलिप्रिंटरच्या काळात अक्षरांना क्रमांक देण्याची जी पद्धत ठरली, ॲस्की, तिच्यात सुरुवातीचे क्रमांक अक्षरांना न देता इशाऱ्यांना दिले होते. कंट्रोल दाबून वर्णमालेतले पहिले अक्षर दाबले की पहिला क्रमांक जातो, दुसरे दाबले की दुसरा. सी तिसरे अक्षर, आणि तिसऱ्या क्रमांकाचा इशारा होता ‘मजकूर संपला’. पुढे संगणकांनी तोच क्रमांक ‘थांब’ या अर्थाने घेतला. मुलांकडून बोटांवर मोजून घ्या: एच आठवे, त्याचा इशारा ‘एक घर मागे’, आय नववे, तो टॅबचा. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-एच किंवा कंट्रोल-आय दाबून पाहिले की मुलांना हे जादूसारखे वाटते. झेड सव्विसावे, त्याची गंमत वर पाहिलीच.

ज्येष्ठ शिक्षकांपैकी काहींना १९८४-८५ साली केंद्र सरकारने सुरू केलेला ‘क्लास’ प्रकल्प आठवत असेल. तेव्हा निवडक शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे संगणक आले होते. त्यांच्यावर हेच काम करायला एस्केप नावाची स्वतंत्र कळ होती. सुटका या अर्थाचे नाव कळीवरच लिहिलेले! मला तर ते कंट्रोल-सीपेक्षा शिकवायला सोपे वाटते.

आता जरा गंभीर भाग. हा अकरावी-बारावीच्या पालकांनी आणि शिक्षकांनी जरूर वाचावा. सीबीएसईच्या संगणकशास्त्रात पायथनबरोबर मायएसक्यूएल आहे, म्हणजे माहितीचे तक्ते सांभाळणारी प्रणाली. तिथेही प्रॉम्प्ट आहे, तिथेही मुले अडकतात. पण तिथे अर्धवट आज्ञा चुकीच्या पद्धतीने ‘संपवली’ तर खरे नुकसान होते.

मायएसक्यूएलमध्ये आज्ञा कितीही ओळींची असू शकते, ती संपते अर्धविरामाने. (मराठीच्या शिक्षकांनी क्षमा करावी, इथे अर्धविरामच पूर्णविरामाचे काम करतो.) अर्धविराम दिला नाही तर पुढच्या ओळीवर असा बाण येतो:

->

मुलांना लवकरच कळते की या बाणातून बाहेर पडायचे तर अर्धविराम द्यायचा. ‘अडकलास? सेमीकोलन दे’ हा सल्ला एक मूल दुसऱ्याला देते, आणि मीही तो अनेक वर्षे दिला आहे. साध्या ‘सिलेक्ट’ला तो चालून जातो, कारण सिलेक्ट फक्त दाखवते. पण आज्ञा ‘डिलीट’ची असेल तर?

एका कनिष्ठ महाविद्यालयात मी काही दिवस प्रात्यक्षिके घेत होतो. दोन तास खपून मुलांनी आपापल्या गावांची, गुणांची, हजेरीची माहिती एका तक्त्यात भरली होती. नळेगाव, वडवळ, घरणी अशी ओळखीची गावे असल्यामुळे मुले रमली होती. नंतर एक नोंद दोनदा आली म्हणून ती काढायची ठरली. एका मुलाने ‘डिलीट फ्रॉम विद्यार्थी’ एवढे टाइप करून सवयीने एंटर दाबली. ‘वेअर’ लिहून कोणती नोंद काढायची ते सांगायचे राहिले होते. बाण आला. तो घाबरून माझ्याकडे बघत होता. मी दुरूनच, पडद्याकडे न पाहता म्हणालो, “सेमीकोलन दे, बाहेर ये.”

त्याने दिला. अर्धे वाक्य पूर्ण वाक्य झाले: विद्यार्थी तक्त्यातले काढून टाक. कोणते? सगळे. पुढच्या ओळीवर किती नोंदी गेल्या त्याचा आकडा आला आणि पूर्ण तक्ता रिकामा झाला. मायएसक्यूएलमध्ये, आधी वेगळे सांगितले नसेल तर, प्रत्येक आज्ञा लगेच कायम होते, मागे घेता येत नाही. दोन तासांची भरलेली माहिती गेली. पोरगा रडकुंडीला आला. त्याला मी पुन्हा पुन्हा सांगितले की तू फक्त मी म्हटले तेच केलेस. पण वर्गात नाव त्याचेच झाले.

त्या बाणावर करायचे काय होते? मायएसक्यूएलचा स्वतःचा ‘राहू दे’ आहे: उलटी तिरकी रेघ आणि तिच्यानंतर सी हे छोटे अक्षर, मग एंटर. म्हणजे \सी. गंमत अशी की मायएसक्यूएल सुरू करताच वर जी इंग्रजी सूचना येते, तिच्या शेवटच्या ओळीत हेच लिहिलेले असते. ती सूचना कोणी वाचत नाही, मीही वाचली नव्हती. कंट्रोल-सी नव्या आवृत्त्यांत चालते, पण जुन्या आवृत्त्यांत तिने अख्खा मायएसक्यूएलच बंद व्हायचा. म्हणून \सीची सवय बरी.

इथे आणखी एक बारकावा आहे. बाणाच्या शेपटीकडे नीट पाहा. नुसता -> असेल तर आज्ञा अर्धी आहे. पण

'>

असे दिसले तर एकेरी अवतरण चिन्ह उघडे राहिले आहे, आणि "> दिसले तर दुहेरी. अशा वेळी \सी दिले तरी ते अवतरणातला मजकूर म्हणून गिळले जाते, आमच्या ‘एक्झिट’सारखेच. आधी तेच चिन्ह देऊन अवतरण बंद करायचे आणि लगेच \सी द्यायचे:

'\सी

आणि डिलीट, अपडेट शिकवण्याआधी मायएसक्यूएल ‘सेफ-अपडेट्स’ या पर्यायासह सुरू करा. मग ‘वेअर’ किंवा ‘लिमिट’ नसलेली डिलीट आज्ञा तो नाकारतो. या पर्यायाला बनवणाऱ्यांनीच दुसरे इंग्रजी नावही दिले आहे, ज्याचा अर्थ साधारण ‘मी ढ आहे’ असा होतो. मी तेव्हापासून हा ढ पर्याय लावूनच शिकवतो.

बाकी ठिकाणचे थोडक्यात. पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये कंट्रोल-सी किंवा \आर. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये उघड्या अवतरणानंतर > असे चिन्ह येते, तिथे कंट्रोल-सी. आर या सांख्यिकीच्या भाषेत + येतो; आर-स्टुडिओत एस्केप दाबावी. कळ बदलते, कल्पना तीच राहते.

आता वर्गात हे शिकवायचे कसे? पूर्वी मी पहिल्या दिवशी प्रिंट शिकवायचो. आता पहिल्या दिवशी अडकायला शिकवतो. पाटीवर एकच खेळ लिहितो: ‘मुद्दाम अडका, मग सुटा’. जोडीतल्या एकाने कंस, अवतरण किंवा इफ वापरून दुसऱ्याला अडकवायचे. दुसऱ्याने आधी डाव्या कडेला काय दिसते ते मोठ्याने वाचायचे, वाक्यात काय राहिले ते सांगायचे, मग ठरवायचे: पूर्ण करू की राहू दे? मोठ्याने वाचणे सोडू देऊ नका. मुलांची नजर आपण टाइप करतो त्या अक्षरांवर असते, डाव्या कडेला ती आपणहून जात नाही. पंधरा मिनिटे पुरतात. आमच्याकडे दुपारी वीज गेली की हाच खेळ फळ्यावर होतो: मी फळ्यावर अर्धी ओळ लिहितो, मुले पुढचा प्रॉम्प्ट कोणता येईल ते सांगतात. त्यासाठी संगणक लागतच नाही.

व्हिडिओ पाहून शिकणाऱ्या मुलांना हा सराव आणखी गरजेचा आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे पाठ चांगले आहेत, त्यांतले कित्येक मराठीत आहेत आणि थांबवत थांबवत सोबत टाइप करायचे असतात. मूल व्हिडिओतला एखादा कंस टाइप करायला विसरले की तिकडे बाण येतो आणि इकडे टिंबे. घरी जवळ शिक्षक नसतो. अशा वेळी पालकांना पायथन येण्याची गरज नाही. “डावीकडं काय दिसतंय?” एवढे विचारा. टिंबे दिसत असतील तर “मग राहू दे कर.” बस्स.

घरात संगणक नाही, मोबाइलच आहे, अशी मुले जास्त. टर्मक्स हे ॲप वापरत असाल तर कळफलकाच्या वर कंट्रोलचे बटण दिसते. ते दाबून सी दाबायचे. ते दिसत नसेल तर आवाज कमी करायचे बटण धरून सी दाबले तरी तोच इशारा जातो. हे पाहून आमची मुले सगळ्यात जास्त खूश झाली होती, का ते मला सांगता येणार नाही.

रद्द केल्यावर टाइप केलेले सगळे वाया जाते का, हा प्रश्न हमखास येतो. टर्मिनलमध्ये बहुतेक वेळा वरच्या बाणाची कळ दाबली की आधीची ओळ परत येते, ती दुरुस्त करून वापरता येते. आयडलमध्ये जुन्या ओळीवर कर्सर नेऊन एंटर दाबली की ती ओळ खाली उतरते.

आणि कळफलकापासून दूर गेलेल्या त्या मुलीबद्दल. ‘मुद्दाम अडका’च्या दुसऱ्या तासाला ती आपली आपण येऊन बसली, कारण त्या खेळात अडकणे हेच काम होते. तिने मला विचारले, “सर, आधी वय टाकलं होतं, मग गुण अर्धं राहिलं आन् राहू दे केलं. तर वय पण गेलं का?” मी उत्तर दिले नाही. म्हटले, करून बघ.

>>> वय = 13
>>> गुण = (45 + 38
...
किबोर्ड-इंटरप्ट
>>> वय
13

वय होते तसेच राहिले. मग तिने ‘गुण’ विचारले, तर ते नाव आपल्याला माहीत नाही, असे पायथनने सांगितले. ती थोडा वेळ थांबली आणि तिने आणखी एक गोष्ट केली, जी मी सांगितली नव्हती. तिने आधी गुण = 50 असे पूर्ण वाक्य दिले, मग गुणाचेच नवे वाक्य अर्धे टाकून ‘राहू दे’ केले, आणि पुन्हा गुण विचारले. पडद्यावर 50 आले. “म्हंजे जुनंच हाय,” ती म्हणाली आणि पुढच्या मुलीसाठी जागा सोडायला विसरली.